बोटाची प्रॉक्सी

श्रीमंतांच्या हालअपेष्टांकडे मराठी वृत्तपत्रांनी कायम दुर्लक्ष केलं आहे. कांद्याचा भाव पडला की अग्रलेख, एसटीचा संप झाला की पहिलं पान. पण उघडझाप छताची मोटार बाळगणाऱ्याला ते छत उघडताना काय सोसावं लागतं, यावर दोन ओळी लिहाव्यात असं कुणाला वाटत नाही. ती उणीव आज भरून काढू.

तर त्याला बटण दाबून धरावं लागतं. नुसतं दाबून भागत नाही, छत पुरतं उघडेपर्यंत बोट तिथून हलवायचं नाही. मिनी कन्व्हर्टिबलला अठरा सेकंद लागतात, १९९६ साली आलेल्या मर्सिडीज एसएलकेला पंचवीस. पहिल्या बॉक्स्टरचा थाट तर आणखी न्यारा: आधी हँडब्रेक ओढा, मग काचेच्या वरची कडी हातानं सोडवा आणि मग बटणावर बोट ठेवून बसा. परदेशातून आणलेली गाडी, किमतीच्या तोडीचं आयातशुल्क सरकारजमा केलेलं, आणि एवढं करून मालकाचं बोट वेठबिगारीला जुंपलेलं!

यात कंपनीचं म्हणणं असं, की एवढं अवजड धूड हलत असताना मालकानं तिथं हजर असावं, बिजागरीत कुणा पोराची बोटं तर येत नाहीत ना ते बघावं आणि आलीच तर बटण सोडावं, म्हणजे छत जागच्या जागी थांबतं. थोडक्यात, ज्याची वस्तू त्याची जबाबदारी. हा विचार आपल्याकडे रुजणं कठीणच होतं.

सुदैवानं बाजारात यावर इलाज मिळतो. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा. गाडीच्या मधल्या कन्सोलची पट्टी प्लास्टिकच्या पात्यानं उचकटायची, आतला कपलर सोडवायचा, मधे हा डबा जोडायचा आणि पट्टी पुन्हा ठोकून बसवायची. ‘कपलर टू कपलर काम आहे साहेब, एकपण वायर कापणार नाय,’ असं इलेक्ट्रिशियन सांगतो. ते खरंच असतं. पट्टीच्या दोन क्लिपा तुटतात, त्यांचा वायरशी संबंध नसतो.

मग हा डबा करतो काय? गाडीतले कंप्युटर एकमेकांशी सतत बोलत असतात. डबा त्यांच्या संभाषणात घुसतो आणि छताच्या कंप्युटरला सांगत राहतो, ‘बोट बटणावर आहे, अजून आहे, अजूनही आहे.’ बोट असतं कॉफीच्या कपाच्या कानात. मागच्या बाकावरून मित्राची हजेरी लावणारा एक इसम प्रत्येक कॉलेजात असतो. हा त्याचाच इलेक्ट्रॉनिक अवतार. किल्लीचं बटण ठरावीक वेळा दाबलं की मालक पन्नास पावलांवर असला तरी छत आपलं आपण उघडतं.

आता आकाश तर गाडीत बसलेल्याला हवं असतं. मग पन्नास पावलांवरून छत उघडून कुणाला काय मिळतं? अधिकृत उत्तर असं, की गाडी उन्हात तापते, बसण्याआधी आतली हवा मोकळी झालेली बरी. हे उत्तर आमच्या हिनं फ्रीज दोन दरवाज्यांचा का घेतला, या उत्तराइतकंच प्रामाणिक आहे. खरं कारण हॉटेलच्या पायऱ्यांवर उभं असतं आणि मोबाइल काढून शूटिंग करत असतं. छत आतून उघडलं तर मालक प्रेक्षकांना धड दिसत नाही, आणि मालकाला प्रेक्षक दिसत नाहीत. रिमोटमुळे ही दोन्ही दुःखं मिटतात.

हौस जुनीच आहे. लोखंडी छत आपसूक डिकीत जाण्याची युक्ती फ्रान्समधल्या जॉर्ज पोलँ या दंतवैद्याची. १९३४ साली प्यूजोनं ती गाडीवर बसवली. आयुष्यभर लोकांना ‘उघडा’ आणि ‘मिटा’ सांगणाऱ्याला दुसरं काय सुचणार? अमेरिकेत फोर्डनं १९५७च्या स्कायलायनरमध्ये याच कामासाठी सहाशे फुटांहून अधिक वायर घातली. छत डिकीत मावलं, सामान मावेना. आमच्या गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचं कापडी छत हातानं काढावं लागे. त्या गाडीभोवती गर्दी जमली नाही, यात नवल ते काय?

रिमोटचं तर महाराष्ट्राला मुळीच अप्रूप नाही. १९९५च्या युती सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हा रिमोट मातोश्रीवर होता आणि गाडी मंत्रालयात. आता तर मुंबईतून कळ दाबून गडचिरोलीतल्या इमारतीचं लोकार्पण होतं. छत उघडलं की गळतं, हे तिथल्यांनी बघायचं.

उघडलेल्या छतातून मुंबईत दिसतं काय, हा क्षुद्र प्रश्न झाला. अंधेरीत मेट्रोचा पूल, दादरला उड्डाणपूल आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात सुमारे दोन किलोमीटर थेट मलबार हिलचं बूड. जून ते सप्टेंबर दोन मीटरहून जास्त पाऊस, उरलेल्या महिन्यांत बांधकामाची धूळ आणि बारमाही कावळे. पण सांगितलं ना, आकाशाचा इथं संबंध नाही.

एक गोष्ट मात्र डब्याला जमत नाही. छत घडी होऊन जिथं बसतं, तिथं डिकीत एक पडदा असतो. तो खाली ओढलेला नसेल तर छत जागचं हलत नाही, आणि वहिनींची मोठी बॅग डिकीत असेल तर पडदा खाली येत नाही. बोटाबद्दल खोटं बोलता येतं, बॅगेबद्दल कोण बोलणार? असाच एक प्रयोग हल्ली एका शनिवारी रंगला. पायऱ्यांवर मंडळी जमलेली, मोबाइल वर उचललेले. साहेबांनी किल्ली दाबली. गाडीनं दिवे मिचकावले, टुकटुक आवाज केला आणि गप्प बसली. साहेबांनी पुन्हा दाबली. पुन्हा दिवे, पुन्हा टुकटुक. तिसऱ्या वेळी हॉटेलचा वॉचमन पुढे झाला, बाह्या सरसावल्या आणि अदबीनं म्हणाला,

‘साहेब, धक्का मारू का?’