काळयंत्र आणि स्थळाची चौकशी

काळप्रवासाच्या प्रेमपटांवर शास्त्रवाले तुटून पडतात, तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. म्हणजे नायक नुसता चार सेकंद मागे गेला, तरी साताऱ्याहून सांगली गाठण्याइतकं अंतर चुकणार, आणि वाटेत कराडला चहाचीही सोय नाही. पडद्यावर मात्र तो पंचवीस-तीस वर्षं मागे जाऊन नेमका नायिकेच्या दारात उतरतो. २००६ सालच्या ‘द लेक हाऊस’मध्ये पत्रपेटीतून दोन वर्षांच्या अंतराने पत्रं ये-जा करतात. नायिका पत्र धाडून नायकाचा अपघात टाळते. पण तो अपघात पाहून मन विटलं, म्हणून तर ती तळ्याकाठच्या घराकडे गेली आणि पेटीत त्याचं उत्तर सापडलं! अपघात नाही तर उत्तर हाती नाही, उत्तर नाही तर इशारा नाही, इशारा नाही तर पुन्हा अपघात. एवढं तर्कशास्त्र मोडूनही प्रेक्षक रुमाल काढतात, आणि ते मूर्ख नसतात.

कारण प्रेमकथेला यंत्र लागत नाही, अडथळा लागतो. दोन माणसं आणि मध्ये काहीतरी, एवढंच तिचं भांडवल. जिथे बाप, जात आणि देणंघेणं यांतलं काहीच आडवं येईनासं झालं, तिथे लेखक बिचारा शेवटी कॅलेंडरच मध्ये घालतो. आपल्याकडे ही टंचाई कधी जाणवली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा अडथळा शिवधनुष्याचा होता. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९च्या ‘संगीत शारदा’त पोरवयाच्या मुलीसमोर पैसेवाला म्हातारा उभा केला. तिथे तर दोघांमधलं अंतर खरोखरच वर्षांचं आहे, पण ते ओलांडायला देवलांनी यंत्र मागवलं नाही. वधूवर एकाच गोत्राचे निघाले, एवढ्यावर लग्न मोडलं. ‘सगोत्र’ या तीन अक्षरांनी जे साधलं, ते हॉलिवूडला विजा पाडूनही साधत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या पुराणांत काळप्रवासाचं लग्न आहेच. आहे ना! राजा ककुद्मी मुलगी रेवती हिला घेऊन वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, गाणं संपेपर्यंत थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. मनात योजलेली स्थळं तर गेलीच, त्यांचे पणतूही गेले. पण मुळात अडथळा काय, तर बापाचा चोखंदळपणा! शिवाय पुराणकाराने हिशेब पुरा केला. जुन्या युगातली रेवती उंच, नव्या युगातला तिचा वर बलराम तिच्यापुढे बुटका. तेव्हा त्याने नांगराने तिला खाली ओढून जोडा जुळवला. काळ बदलला की माप बदलतं, हे भान आजच्या पटकथाकारालाही राहत नाही. दुसरा आक्षेप असा, की २०१०च्या ‘अॅक्शन रिप्ले’त मुलगा १९७५ सालात जातोच की. जातो, पण कशाला? आईबापांचं बिघडलेलं स्थळ नीट जुळवायला. म्हणजे यंत्र शास्त्रज्ञाचं असलं, तरी काम मध्यस्थाचंच.

तेव्हा आपल्या सातारा-सांगलीच्या भागात असा सिनेमा काढायचाच, तर नायकाला १९४३ सालात पाठवावं. नाना पाटलांच्या पत्री सरकारचा काळ. बिनखर्चाची गांधी लग्नं लागत होती. मांडव, बँड, मानपान यांचा खर्च पाहता काळयंत्राचा याहून शहाणा उपयोग मला तरी सुचत नाही. पोरगीही राजी होईल. मग तिचा बाप विचारेल, “पाव्हणं, गाव कंचं?” तासगाव. “जिल्हा?” हा सरळपणे सांगणार, सांगली. आता तेव्हाची सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आणि तासगाव सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा व्हायचा १९४९ला, त्याचं नाव सांगली पडायचं १९६०ला. सासरा म्हणेल, “ज्याला स्वतःचा जिल्हा ठावं न्हाई, त्याला पोरगी देऊ?” पृथ्वीची गती, कार्यकारणभाव, आजोबांनाच मारलं तर आपण जन्मलो कसे हा विरोधाभास, सगळ्यांतून सुखरूप सुटलेला गडी पत्त्यावर अडकेल. काळप्रवासातलं तर्कशास्त्र जेवढं कडक हवं, तेवढं आमच्याकडच्या चौकशीत पहिल्यापासून आहे.