भूत रात्रपाळीवर

सॅन दिएगोतलं स्वतःचं घर, तिवईवर एक कॅमेरा आणि सुमारे १५ हजार डॉलर. एवढ्यात ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ उरकला. २००९मध्ये तो सर्वत्र लागला, तेव्हा भयपटांवर पोसलेले आम्ही जीव मुठीत धरून बसलो. पडद्यावर नवराबायकोसारखी राहणारी जोडी गाढ झोपलेली. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं पळतंय. मग बेडरूमचं दार वीतभर हलतं आणि परत जागेवर येतं. झालं! एवढ्यासाठी कुणी मांत्रिक बोलावत नाही, बिजागरीला तेल घालतात.

भूतही मोठं सज्जन. पुराव्यासाठी फरशीवर पावडर पसरली, तर रातोरात पावलं उमटवून गेलं. सरकारी कचेरीत अशी तत्परता दिसली तर लोक नारळ वाढवतील. जाणकार बजावतो, त्याला डिवचू नका. पण नायक मिका कॅमेरा परजत त्यालाच आव्हान देतो. शेवटी शेवटी आमची सहानुभूती भुताकडेच झुकली.

पुढे याच भांडवलावर आणखी सहा भाग निघाले. पहिल्यानंच जगभरात १९ कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमवला होता. प्रेक्षकांना भूत धड दिसलं नाही. निर्मात्यांना मात्र साक्षात लक्ष्मीनं दर्शन दिलं.