मदतीला हात, पण जिना जागेवरच

लंडनच्या भुयारी रेल्वेत बाबागाडी घेऊन जिन्यापाशी क्षणभर थांबलं की कुणीतरी पुढं येतंच. कधी कोट-टायमधला गृहस्थ, कधी कानात इअरफोन घातलेली कॉलेजची पोरगी, कधी पँटवर रंगाचे डाग पडलेला कामगार. फार बोलणं नाही. पुढचा दांडा धरायचा, 'रेडी?' एवढं विचारायचं आणि बाळासकट गाडी वर. आई आभार मानायला मान वर करते तोवर माणूस गर्दीत मिसळलेला असतो. तिकडून परतलेली आपली मंडळी हा किस्सा हमखास सांगतात, आणि तो खरा आहे. त्या अनोळखी हातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझं भांडण जिन्याशी आहे.

जगातली पहिली भुयारी रेल्वे ही, १८६३ सालची. आज तिची २७२ स्थानकं आहेत. त्यांपैकी रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न लागता पोचता येईल अशी स्थानकं साधारण एक तृतीयांश. बाकीच्या ठिकाणी लेकुरवाळ्या बाईनं काय करायचं? कुणाच्या तरी चांगुलपणाची वाट बघायची. आणि ही स्थानकं आडबाजूची आहेत असंही नाही. ऑक्सफर्ड सर्कस, पिकॅडिली सर्कस, लेस्टर स्क्वेअर, मादाम तुसाँच्या शेजारचं बेकर स्ट्रीट, म्हणजे जिथं जगभरचे पर्यटक लोटतात तीच. सरकते जिने आहेत, हो. पण मूल बसलेली गाडी सरकत्या जिन्यावर चढवणं धोक्याचं असतं. मूल कडेवर घ्या आणि गाडी मिटवा, हा तिथला नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

आता हा नियम पाळायचा कसा ते बघा. दोन वर्षांचं मूल अकरा-बारा किलोचं. गाडी आठ-दहा किलोची. दांड्याला लटकवलेल्या पिशवीत डायपर, वाइप्स, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली आणि मऊ भाताचा डबा. गाडी मिटवायची तर आधी पिशवी काढून खांद्यावर घ्यायची, मग पट्टे सोडवून मूल उचलायचं. ते तेवढ्यात जागं होऊन कंबरेतून मागं वाकतं. मग एका पायानं खटका दाबायचा, एका हातानं दांडा ओढायचा, आणि मागून आलेल्या लोकांना वाट देत भिंतीला चिकटून उभं राहायचं. मोठ्या स्थानकात ट्रेन बदलायची असेल तर हा सगळा खेळ दोनदा. बरोबर दुसरं मोठं माणूस नसेल तर अशी बाई भुयारात उतरतच नाही. दिवसभर हॉटेलच्या आसपास फिरते आणि घरी फोनवर सांगते, लंडन बघून झालं.

हे मिटवणंसुद्धा पूर्वी इतकं सोपं नव्हतं. ओवेन मॅक्लारेन हा विमानांचा इंजिनिअर. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलेलं. निवृत्तीनंतर त्याची लेक मॉस्कोहून बाळाला घेऊन आली, तेव्हा तिची धूड गाडी बघून त्यानं अॅल्युमिनिअमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली. १९६५ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. एका आजोबानं लेकीची अडचण पाहिली आणि आपली सगळी विद्या तिथं लावली. रेल्वे बांधणाऱ्यांकडं माझी मागणी एवढीच आहे.

'बांधकाम जुनं आहे, खोल आहे, लिफ्ट बसवणं शक्य नाही' हे उत्तर तयार असतं. ते मला पटत नाही. किंग्ज क्रॉसही जुनंच, व्हिक्टोरियाही जुनंच. तिथं लिफ्ट बसल्या. ग्रीन पार्कला २०१२च्या ऑलिम्पिकच्या आधी बसली, कारण जगासमोर लाज जायला नको होती. म्हणजे प्रश्न मातीचा नव्हता, पैसा आधी कुठं लावायचा याचा होता. १९९९ साली ज्युबिली लाइन वाढवली, तेव्हा वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतची सगळी नवी स्थानकं पायरीविना झाली. २०२२ साली एलिझाबेथ लाइन सुरू झाली, तिच्या ४१ही स्थानकांत फलाटापर्यंत पायरी लागत नाही. पण तेही आपसूक घडलेलं नाही. मूळ आराखड्यात त्यांतली काही स्थानकं जिन्यांचीच राहणार होती. अपंग प्रवाशांनी ते लावून धरलं, म्हणून बदललं.

मला जे सांगायचंय ते इथंच आहे. परदेशी शहरात आपली बाबागाडी ज्या उतारावरून, ज्या लिफ्टमधून सुळकन जाते, ती सोय आपल्यासाठी कुणी केलेली नाही. ती व्हीलचेअरवरच्या माणसांनी भांडून मिळवलेली आहे. आपण त्यावरून फुकट जातो.

लंडनच्या बसचंच घ्या. लहान मुलाला घेऊन हे शहर बघायचं तर बसनंच बघावं, यात मला शंका नाही. फरशी रस्त्यालगत. थांब्यावर हवेचा सुस्कारा टाकून बस कडेला कलते, मधल्या दारासमोर मोकळी जागा असते, गाडी ढकलत थेट आत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. खिडकीतून नदी, पूल, घोड्यावरचे शिपाई, खोदकामाची पिवळी यंत्रं. दोन वर्षांच्या पोराला त्या यंत्रांपुढं राजवाडा फिका वाटतो, आणि त्याचं बरोबर आहे.

पण ही फरशी खाली कशी आली? पूर्वीची रूटमास्टर बस आठवा, मागं उघडा चौथरा आणि मधोमध खांब असलेली. पोस्टकार्डांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर तीच असायची. चालत्या बसमध्ये उडी मारून चढायची ती मजा, असं म्हणत लोक आजही हळहळतात. उडी मारून चढता येतं कुणाला? धडधाकट, रिकाम्या हाताच्या माणसाला. १९९०च्या दशकात अपंग कार्यकर्त्यांनी लंडनच्या रस्त्यांवर स्वतःला बसगाड्यांशी बेड्यांनी अडकवून घेतलं. वाहतूक तुंबली, लोकांनी शिव्या दिल्या, पोलीस आले. १९९५ साली अपंगांविरुद्ध भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. डिसेंबर २००५मध्ये रूटमास्टर नेहमीच्या मार्गांवरून गेली. तिला निरोप द्यायला रस्त्यावर गर्दी लोटली होती. मला त्या हळहळीत सामील होता येत नाही. त्या चौथऱ्यानं वर्षानुवर्षं किती माणसांना थांब्यावरच ठेवलं, याचा हिशेब त्या गर्दीत कुणाला नको होता.

म्हणून बसमधल्या त्या मोकळ्या जागेबद्दल बोलायलाच हवं. ती व्हीलचेअरची जागा आहे. तशी पाटी तिथं लावलेली असते. कुणी नसेल तेव्हा बाबागाडी ठेवावी, जरूर ठेवावी. व्हीलचेअर आली की गाडी मिटवायची किंवा हलवायची. इंग्लंडमध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ साली डग पॉली नावाचा व्हीलचेअरवरचा प्रवासी लीड्सला जाणारी बस पकडायला थांब्यावर आला. जागेवर एक बाबागाडी होती, बाळ झोपलं होतं, आणि आईनं हलायला नकार दिला. ड्रायव्हरनं एकदा विनंती केली आणि विषय सोडला. पॉलीला मागच्या बसनं जावं लागलं, पुढची ट्रेन चुकली. तो कोर्टात गेला. जानेवारी २०१७मध्ये निकाल लागला: ड्रायव्हरनं नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, कुणी अवाजवी नकार देत असेल तर आणखी दबाव आणला पाहिजे, वेळ पडल्यास काही मिनिटं बस थांबवून धरली पाहिजे.

निकाल मला पूर्ण मान्य आहे. झोपलेलं बाळ उठवायला जिवावर येतं, ते कुठल्याही आईला विचारा. पण बाळ उठलं तर दहा मिनिटं रडेल. खाली थांबलेल्या माणसाला दुसरी जागाच नाही. 'आमच्याबरोबर लहान मूल आहे' हे वाक्य आपण फार ठिकाणी फार सहज वापरतो. रांग मोडायला, खिडकीची सीट मागायला. इथं ते चालत नाही आणि चालूही नये.

बाबागाडीला जिन्यावरून दोन अनोळखी माणसं उचलून नेतात. विजेवर चालणारी व्हीलचेअर शंभर किलोच्या पुढं जाते, तिला कोण उचलणार? मदतीच्या हातांवर शहर चालवायचं ठरवलं तर त्या हातांना उचलता येईल तेवढंच ओझं शहरात फिरेल. बाकीचे घरी.

आणि आपल्या घरांत तिसरंही एक माणूस आहे. लेक किंवा सून लंडनला नोकरीला, नातू दीड-दोन वर्षांचा, आणि सांगली-साताऱ्याहून आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर गेलेले. दिवसभर बाबागाडी ढकलायचं काम त्यांच्याकडं. आजीचे गुडघे कुरकुरतात, आजोबांना कठडा धरल्याशिवाय उतरता येत नाही. एकाच जिन्यापाशी मूल, गाडी आणि म्हातारपण असं तिन्ही अडतं. हा अनुभव कुणी प्रवासवर्णनात लिहीत नाही, पण गावोगावच्या आज्यांच्या गप्पांत तो असतो. 'शहर छान आहे गं, पण जिने फार.'

प्रवासाचे बेत आखणाऱ्या आपल्या जाणत्यांशीही माझं थोडं भांडण आहे. सकाळी टॉवर, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी लंडन आय, असा दिवस दोन वर्षांच्या मुलावर लादायचा आणि तिसऱ्या ठिकाणी ते जमिनीवर लोळलं की 'हट्टी आहे' म्हणायचं. मूल हट्टी नाही. थकलंय, भुकेलंय आणि सकाळपासून पट्ट्यात बांधलेलं आहे. त्याला सोडा. ब्लूम्सबरीत कोरम्स फील्ड्स म्हणून सात एकरांचं मैदान आहे. टाकून दिलेल्या मुलांसाठी टॉमस कोरम या दर्यावर्दीनं १७३९ साली काढलेलं अनाथालय जिथं उभं होतं, त्याच जागेवर. अनाथालय तिथून हलल्यावर जागा इमारतींच्या घशात जायची होती. लोकांनी झगडून ती वाचवली आणि १९३६पासून ती मुलांची झाली. वाळू आहे, झोके आहेत, गवत आहे. फाटकावरचा नियम असा की बरोबर मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत प्रवेश नाही. साऱ्या लंडनमध्ये मला सगळ्यात शहाणा वाटलेला नियम हाच. आणि या मैदानाच्या जवळचं भुयारी स्थानक कोणतं? रसेल स्क्वेअर. तिथं लिफ्ट आहे, तरीही फलाटापर्यंत पायऱ्या लागतातच. लिफ्ट बंद पडली तर गोल जिन्याच्या १७५ पायऱ्या. मुलांच्या मैदानाच्या दाराशी हे असावं, याचा मला राग येतो.

'आमच्याकडं कुठं बाबागाड्या होत्या, आम्ही कडेवरच वाढवली पोरं,' असं आपल्याकडं ऐकवलं जातं. कडेवर वाढवली, खरंय. घरात उचलायला पाच माणसं होती, आणि बाईनं लांब कुठं जायचंच नव्हतं. आज मुंबई-पुण्यात बाबागाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर का पडत नाही? फूटपाथची कड गुडघ्याला लागते, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मधोमध डीपी आणि दुचाकी अडवायला रोवलेले खांब. आपल्याकडं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या, असं त्यात लिहिलंय. नियम २०१७चे, मुदत २०२२ला उलटली. जवळच्या सरकारी कचेरीत एकदा बाबागाडी घेऊन जाऊन या.

मे महिन्यात लंडनला निघालेल्यांना एवढंच सांगते. हॉटेल ठरवण्याआधी रेल्वेचा नकाशा उघडा. स्थानकाच्या नावाजवळ व्हीलचेअरचं चिन्ह असतं. निळा गोल म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरा गोल म्हणजे फलाटापर्यंत नाही, पुढं डबा आणि फलाट यांत फट किंवा उंची असू शकते. चिन्हच नसेल तिथलं स्वस्त हॉटेल घेऊ नका. निघण्यापूर्वी लिफ्ट चालू आहे का तेही पाहा, त्या बिघडतात. गाडी एका हातानं मिटवायचा सराव इथं घरीच करून जा, मूल कडेवर घेऊन. बसथांब्यावर व्हीलचेअर दिसली की ड्रायव्हरच्या सांगण्याची वाट न बघता आवराआवर सुरू करा. आणि एखाद्या स्थानकात कुणी परक्या माणसानं तुमची गाडी जिन्यावरून उचलून दिली, तर त्याचे आभार मानून झाल्यावर त्या स्थानकाचं नाव, वेळ आणि पायऱ्या लिहून रेल्वेकडं तक्रार पाठवा. पर्यटक असलात तरी पाठवा.