हिंदमाता ते लोअर परळ: जलप्रवाशाचा पोशाख

परदेशात कयाक नावाची एक चिंचोळी होडी असते. तिला शीड लावून थंड पाण्यात भटकणारी हौशी मंडळी कपड्यांच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळतात: हवा कशी आहे ते बघू नका, पाणी किती गार आहे ते बघा. वर लख्ख ऊन असलं, तरी होडी उलटली की गाठ पाण्याशीच पडते.

दादरला लोकल थांबल्यावर आंबेडकर रस्त्याने लोअर परळचं ऑफिस गाठायला निघालेल्या माणसाला होडी नसते आणि हौस तर त्याहून नसते. पण जुलैत छत्रीचं शीड उभारून हिंदमाता त्याला पार करावीच लागते. या सागरी मोहिमेसाठी पोशाखाचं शास्त्र कुणीही लिहून ठेवलेलं नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

१. आधी जलमार्ग समजून घ्या

हिंदमाता हा खोलगट भाग आहे. चहूबाजूंचं पाणी तिथे मुक्कामाला येतं. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढ्या माफक अपेक्षेने बांधलेली होती. पाऊस आणि भरती यांनी एकमेकांना विचारून यावं, असा त्यामागे विश्वास असावा. २०२१ पासून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेविअर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी तिथे नेऊन भरती ओसरेपर्यंत सांभाळायचं, अशी योजना. म्हणजे पाण्याचीही आता दादर-परळला जागा झाली. आपलं अजून डोंबिवलीच.

२. तापमान मोजा, पण ऑफिसचं

पावसाळ्यात मुंबईच्या समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. त्या पाण्याने कुणी काकडत नाही. काकडण्याची सोय पुढे, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत केलेली आहे. सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या मागखात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. तेव्हाचा कामगार घामाने भिजून बाहेर येई. आताचा पावसाने भिजून आत जातो. आत एसी त्याची वाटच बघत असतो. ओल्या कपड्यांतलं पाणी उडून जाताना अंगाची ऊब घेऊन जातं, आणि कोरडी, वाहती हवा हे काम फार झपाट्याने करते. २०२० पासून घरगुती एसी २४ अंशांवर लावूनच विकावा असा नियम आहे. ऑफिसचा एसी कुणाच्या घरचा नसल्यामुळे तो हे मनावर घेत नाही.

म्हणून आपला पहिला नियम: हवा बघू नका, पाणीही बघू नका, आपली खुर्ची कुठल्या झोताखाली आहे ते बघा.

३. सुती कपडा घरी ठेवा

गिरणगावात उभं राहून असं बोलणं म्हणजे घरभेदीपणा, याची जाणीव आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला, तेव्हापासून या मुलखाने देशाला सुती कापड नेसवलं. पण सुती धागा पाणी पोटात घेतो आणि सोडायला तयार नसतो. पॉलिएस्टर पाण्याला जवळपास हुंगतही नाही. झटकलं की अर्धं काम झालं. सर्वांत वाईट जीन्स. भिजली की तिचं वजन वाढतं आणि पाणी मांडीपासून घोट्यापर्यंत शिस्तीत उतरत राहतं. चाळीच्या गॅलरीतल्या दांडीवर टाकलेली जीन्स वाळेपर्यंत तिला कुबट वास येतो, आणि आई ती दांडीवरून काढताना जे बोलते ते इथे छापता येणार नाही.

आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. धनगरी घोंगडी भिजली तरी ऊब देते, कारण लोकरीचा तो गुणच आहे. कोकणात भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचं इरलं पाठ कोरडी ठेवून दोन्ही हात मोकळे सोडतं. इरलं घालून कर्जत फास्टमध्ये चढता आलं असतं, तर हा लेख इथेच संपला असता.

४. रेनकोट: बाहेरून की आतून?

कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालण्याची युक्ती मॅकिंटॉश साहेबांनी १८२३ मध्ये ग्लासगोत काढली. साहेबांनी दादरचा पूल गर्दीच्या वेळी चढलेला नव्हता. त्यामुळे पाणी आत येऊ नये एवढाच विचार त्यांनी केला. बाहेर जाण्याचा केला नाही. आपल्याकडे रेनकोट घालणारा माणूस कोरडा राहत नाही, तो फक्त स्वतःच्या पाण्याने भिजतो. तरीही घ्यायचाच असेल तर काखेत भोकं असलेला, सैल घ्या. पँट-शर्ट जोडीतली पँट हिंदमाताला घालू नका. गुडघाभर पाण्यात ती दोन्ही पायांत स्वतंत्र तलाव तयार करते.

५. पायात काय?

हवाई चप्पल नको. ती चालणाऱ्याच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची नक्षी काढते, आणि नेमक्या खोल जागी तिचा अंगठा तुटतो. गमबूट घोटाभर पाण्यात राजेशाही; पाणी वरून आत शिरलं की मात्र प्रत्येक पायाला एकेक बादली. मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल सर्वांत शहाणी.

इथे थोडं गंभीर. पाण्याखालचं मॅनहोल दिसत नाही, म्हणून मधूनच वाट काढू नका. पुढची जमीन छत्रीच्या टोकाने चाचपत जा. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. उंदरांच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू येतात, म्हणून साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांत डॉक्टरला विचारून औषध घ्या. महापालिका हे दरवर्षी सांगते, आणि आपण दरवर्षी वडापाव खाऊन घरी जातो.

६. छत्री

तीन घड्यांची छत्री पर्समध्ये मावते, हाच तिचा एकमेव गुण. मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात ती पहिल्या झटक्याला उलटी होते आणि मालकाला गिरगावच्या दिशेने ओढू लागते. आजोबांची लांब, काळी, वाकड्या मुठीची छत्रीच खरी. ती शीड आहे, काठी आहे, आणि लोकलमध्ये शेजारच्याच्या बुटात पाणी गाळण्याचं साधनही आहे.

७. खरा पोशाख पिशवीत

पावसाळ्यात मुंबईत जय्यत तयारीनिशी बाहेर पडणारी असामी एकच: गणपती. परळच्या कारखान्यातून लालबागच्या गर्दीत निघालेली मूर्ती प्लास्टिकमध्ये नखशिखांत गुंडाळलेली असते आणि नाचणारे भक्त निथळत असतात. हेच तत्त्व वापरा. स्वतः खुशाल भिजा. प्लास्टिकमध्ये कोरडा शर्ट, बनियन, मोजे, पंचा आणि एक शाल गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा साडीच्या दुकानाची जुनी जाड पिशवी आईकडून मागून घ्या. ती परत करावी लागते, हे लक्षात असू द्या. पोहोचल्यावर आधी डोकं पुसा, मग कपडे बदला, मग साहेबांना तोंड दाखवा.

८. शेवटची सूचना

वरील सर्व नियम पाळल्यास आपण साहेबांसमोर ऊबदार आणि कोरडे उभे राहाल. इथेच घात आहे. कोरड्या माणसाला उशीर का झाला, हे कुणालाही पटत नाही. पाणी तुंबल्याचा पुरावा अंगावर लागतो. म्हणून शर्ट बदलताना ओली पँट घोट्यापाशी तशीच राहू द्या, केसांचं एक टोक निथळतं ठेवा, आणि टेबलापर्यंत जाताना सँडलचा पचपच आवाज येऊ द्या. लेट मार्क टळला आणि वर कुणी आल्याचा चहा दिला, तर पोशाख जमला असं समजावं.