यूटीसीतली संकष्टी

यशवंतपूरला आमच्या घरात वेळेवरून दोन प्रकारची भांडणं होतात, ऑफिसातली आणि संकष्टीची. दुसरी जास्त पेटतात, कारण त्यांत उपाशी माणसं भाग घेतात.

आई दिनदर्शिका मुंबईहून आणते. तीत चंद्रोदय मुंबईचा. बंगळूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ पावणेपाच अंश, आणि दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे चंद्र इथे वीसेक मिनिटं आधीच हजर, महिन्यागणिक बरंच कमीजास्त. मुंबईची वेळ धरली तर तेवढा उपास फुकट. "गणपतीला कुठलंही घड्याळ चालतं गं," असं मी म्हटलं, तर मोदकांवरचं झाकण न काढता आई म्हणाली, "गणपतीला चालतं. चंद्राला सांगून बघ."

ही समज आमच्या धंद्यात असती तर माझे निम्मे शनिवार वाचले असते. डेटाबेसवाल्यांचा एकच कुळाचार: सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, ठेवा. बिल कधी भरलं, लॉगिन कधी झालं, यासाठी तो उत्तमच; तो क्षण जगभर एकच असतो. पण उत्साहाच्या भरात कुणीतरी जन्मतारखेलाही हा संस्कार करतं. 15 ऑगस्टची आपली मध्यरात्र यूटीसीत 14 ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा होते. त्यातून नुसती तारीख उचलली की माणूस आदल्या दिवशी जन्मलेला. मग शुभेच्छांचा एसेमेस एक दिवस आधी जातो. त्यावर एका काकूंचा फोन आला होता. "अहो, उद्या आहे वाढदिवस. आज फक्त भाजणी आहे."

"मग साडेपाच तास मिळवून टाका," असं साहेब म्हणतात. मिळवले. तरी 1943 साली जन्मलेले एक आजोबा आदल्या दिवशीच जन्मत राहिले. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, भारताची घड्याळं एक तास पुढे होती. ब्राउझरला हा इतिहास पाठ असतो, म्हणून त्याने आजोबांच्या मध्यरात्रीतून साडेसहा तास वजा केले. आमच्या रिपोर्टने इमानदारीत साडेपाचच परत दिले. उरले आदल्या रात्रीचे अकरा. हिटलर गेला, पण त्याने खाल्लेला तास आमच्या पेन्शनच्या टेबलात अजून येणे बाकी आहे.

आजोबा मुंबईचे असते तर आणखी मजा. 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली 39 मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' लगेच सोडली नाही. ती पार 1955 पर्यंत रेंगाळली. एवढं करून टाइमझोनच्या जागतिक यादीत आपल्या देशाचं नाव 'एशिया/कोलकाता'. मुंबईचा पत्ताच नाही. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

दादा न्यू जर्सीत असतो. दर रविवारी त्याच्या सकाळी नऊला फोन, ही आईची आज्ञा. रिमाइंडर थंडीत लावला, तेव्हा ॲपने नऊचे यूटीसीत दोन करून ठेवले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेने घड्याळ पुढे ढकललं आणि घंटा दादाच्या दहाला वाजू लागली. तोवर तो मुलीला घेऊन पोहायला गेलेला. आई रुसली ती दादावर; ॲपवर रुसायची पद्धत आपल्याकडे अजून नाही. तिथे 'सकाळी नऊ' आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' एवढंच लिहून ठेवायला हवं होतं. यूटीसी काढायचं ते ऐनवेळी, कारण घड्याळाचे कायदे सरकारं बदलतात. सामोआने तर 2011 चा 30 डिसेंबर कॅलेंडरातून उडवूनच दिला.

तेव्हा टेबल करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती: घडून गेलेल्या गोष्टी खुशाल यूटीसीत ठेवा, पुढच्या भेटीगाठी गावाच्या नावासकट ठेवा, आणि जन्मतारखेच्या कॉलमाचा प्रकार नुसता 'डेट' द्या. काकूंना मध्यरात्र नको आहे.