गौरी-गणपतीतील नाचशिबिर : प्रवेशेच्छूंसाठी शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

लोकनृत्याचे निवासी शिबिर म्हणजे शुल्क भरून, ठरलेल्या वेळी आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दुसऱ्यांचा नाच शिकण्याची व्यवस्था, अशी या संज्ञेची शहरी व्याख्या करता येईल. रायगडच्या दक्षिण किनारपट्टीवर, विशेषतः श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतील वाड्यांत, अशी व्यवस्था भाद्रपदात आपोआप उभी राहते. मात्र तिला शुल्क नसते, वेळापत्रक नसते, आणि मार्गदर्शक असलाच तर तो शिकवीत नाही, हसतो. प्रवेशाची अट एकच, ती म्हणजे गावात घर असणे. ते नसल्यास गावात घर असलेला मित्र असावा, आणि तोही नसल्यास नाचणाऱ्यांसाठी मध्यरात्री चहा उकळण्याची तयारी असावी.

शिबिराचा कालावधी आयोजक ठरवीत नाहीत, नक्षत्रे ठरवितात. गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसतो, तर गौरीचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. तिथी आणि नक्षत्र यांची चाल एकसारखी नसल्यामुळे गौरीबरोबर निघणारा गणपती एखाद्या वर्षी पाचव्या दिवशी जातो, तर एखाद्या वर्षी सातव्या. म्हणून चाकरमान्याने, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणवासीयाने, रजेचा अर्ज सरसकट सात दिवसांचा करावा आणि कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असे लिहावे. ‘नाच’ असे खरे कारण लिहिण्याचा मोह टाळावा, कारण वरिष्ठ घाटावरचे असल्यास त्यांना ते पटत नाही, आणि कोकणातले असल्यास अर्ज मंजूर करण्यासाठी ते जागेवर नसतात. हा मुहूर्त शेतीच्या दृष्टीनेही निर्दोष आहे, कारण भाताची लावणी आटोपलेली असते, कापणी अजून दूर असते, आणि मधल्या काळात शेतकऱ्याच्या पायांना दुसरे काम नसते.

शिबिरस्थळी पोहोचण्याचा प्रवास हा अभ्यासक्रमाचाच भाग मानावा. मुंबई-गोवा महामार्गावरील पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली हाती घेण्यात आले आणि ते एका तपाहून अधिक काळ चालत राहिले. या काळात एसटीच्या मागच्या बाकावर बसून माणगाव गाठणाऱ्या पिढीच्या कमरेला आलेली लवचिकता कोणत्याही व्यायामशाळेत मिळण्याजोगी नाही.

मुख्य विषय जाखडी. बाल्या नाच या नावानेही तो ओळखला जातो, कारण मुंबईत घरकामाला गेलेल्या कोकणी गड्याच्या कानात बाळी असे आणि शहराने त्याला तेच नाव दिले. रिंगणाच्या मध्यभागी गाणारा शाहीर, मृदंग किंवा ढोलकी वाजविणारा आणि झांजवाला बसतात, तर त्यांच्याभोवती पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ, बांधलेले आठ-दहा नाचे पावलांचा ठेका धरून फिरतात. नवशिक्याने प्रथम ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की ठेका सुरुवातीला संथ असतो आणि त्यामुळे आपल्याला हे जमते असा गैरसमज होतो. गाण्याची लय चढते तेव्हा रिंगणातून बाहेर पडण्याची वाट उरलेली नसते, कारण मागचा नाचा थांबत नाही. पावले मोजू नयेत. मोजणारा माणूस लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचे ओठ हलत असतात, आणि पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींचे लक्ष नेमके तेथेच जाते.

गाण्याचा क्रम बहुधा गण, गवळण आणि मग सवाल-जवाब असा असतो. समोरासमोर दोन फडांचा सामना असेल तर त्याला शक्ती-तुरा म्हणतात: तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला, श्रेष्ठ मानतात, शक्तीवाले प्रकृतीला, आणि सांख्यांपासून चालत आलेला हा वाद रात्री दोन वाजता पेट्रोमॅक्सच्या जागी आलेल्या एलईडीच्या झोतात नव्याने उकरला जातो. सृष्टीच्या आधी काय होते, असा प्रश्न प्रतिपक्षाच्या शाहिराने टाकला, तर नवशिक्याने उत्तर देऊ नये, विशेषतः विज्ञान शाखेचा पदवीधर असल्यास. हेच सामने मुंबईत तिकीट लावून नाट्यगृहांत होतात. तेथे खुर्ची असते, पंखा असतो आणि घरी जाण्याची सोय असते, त्यामुळे शिबिरार्थीचे फारसे काही बिघडत नाही आणि म्हणूनच तो फारसे काही शिकतही नाही.

स्त्रियांचे वर्ग वेगळे भरतात आणि ते अधिक कठोर असतात. तेरड्याची गौर घरात आल्यानंतर झिम्मा, फेर आणि फुगडी यांना प्रारंभ होतो. साध्या फुगडीत दोघींनी हात तिढा घालून धरावेत, पावले जवळ ठेवावीत आणि अंग मागे झोकून गिरकी घ्यावी, तर बसफुगडी उकिडवे बसून घालावी लागते, आणि तिच्यानंतर शहरातून आलेली सून दोन दिवस जिना चढताना कठडा धरते. जोडीदारीण निवडताना वयाकडे पाहून फसू नये, कारण साठी उलटलेली आत्या हात सोडत नाही आणि थांबतही नाही.

कोळीनृत्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून मुरूडपर्यंतच्या कोळीवाड्यांत सणाला नाचतात ते घामाघूम होऊन. शाळेच्या संमेलनात पुठ्ठ्याची वल्ही घेऊन सादर होतो तो त्याचा इस्त्री केलेला अवतार असून त्यातील अनुभव येथे ग्राह्य धरला जात नाही.

आहाराचा प्रश्न नाजूक आहे. गणपतीला मोदक आणि अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य असल्यामुळे शिबिराच्या मध्यावर पथ्य अचानक पालटते, आणि नाच घरोघरी फिरत असल्याने प्रत्येक ओटीवर काहीतरी पुढे केले जाते. नको म्हटल्यास घरधनीण दुखावते आणि घेतल्यास पुढच्या अंगणात चाळ जड होतात. यावर उपाय सापडलेला नाही.

शिबिराच्या शेवटी प्रमाणपत्र दिले जात नाही. अनुत्तीर्णांसाठी फाल्गुनात शिमग्याची पुरवणी परीक्षा असते, आणि तीत ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवावी लागते. दांडीखालचा मागचा माणूस ठेका चुकला की पुढच्याची टाच सोलवटते, त्यामुळे परीक्षकाची वेगळी नेमणूक करण्याची गरज गावाला आजवर भासलेली नाही.