बारदाना : निवड, भरण आणि प्रतीक्षा

सुटे धान्य साठवण्यासाठी आणि हलवण्यासाठी जी पोती लागतात, त्यांना बारदाना म्हणतात. अमरावती-अकोल्याकडे सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते, तुरीला सहा महिने लागतात. भरायला पोते मिळण्यास किती काळ लागतो, हे मात्र कोणत्याही पीक-वेळापत्रकात छापलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन.

१. साधनाची निवड

जुन्या वाड्यात पेव असल्यास ज्वारी त्यात वर्षानुवर्षे राहते. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. आतल्या कोंडलेल्या हवेत पुरेसा प्राणवायू उरलेला नसतो. झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, मग दोरीने कंदील सोडून पाहावा आणि तो विझला तर माणसाने वरच थांबावे. ही सूचना गांभीर्याने घ्यावी, बाकीच्या सोयीनुसार.

तुराट्यांची विणून शेणमातीने लिंपलेली कणगी आणि पत्र्याची कोठी ही घरच्या धान्यासाठी उत्तम साधने आहेत. त्यांचा दोष एकच : ती सरकारी खरेदी केंद्रावर चालत नाहीत. तिथे पन्नास किलोचा कट्टाच लागतो. क्विंटलला दोन कट्टे, हा हिशेब तोंडपाठ असावा. तागाच्या प्रमाणित कट्ट्याचे स्वतःचे वजन सुमारे 580 ग्रॅम असते. तोलाईच्या वेळी ते वजा होते. ही वजावट कधीही शेतकऱ्याच्या बाजूने चुकत नाही, हे गृहीत धरून चालावे.

कापसासाठी खताची रिकामी पोती वापरू नयेत. त्यांचे प्लॅस्टिकचे धागे रुईत मिसळतात, जिनिंगमध्ये सुटत नाहीत, आणि कापड रंगवले की धागा तेवढा रंग न घेता उठून दिसतो. वेचणीला कापडी ओटी आणि भरायला कापडी गाठोडे, हे शास्त्र. खताची पोती घरात आयती पडलेली असतात आणि कापड विकत आणावे लागते, हा व्यवहार. दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे मार्गदर्शन अद्याप उपलब्ध नाही.

२. भरण

माल चाळणीतून काढून उन्हात वाळवावा. सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे. दाणा दाताखाली कटकन फुटला की घरच्यांच्या मते माल वाळला. केंद्रावरचे यंत्र दातांना मानत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या हंगामापुरती ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेण्यात आली. तोवर बऱ्याच जणांनी माल अंगणात पसरून, उलथून, पुन्हा पसरून 12 वर आणला होता आणि त्यासोबत वजनही खाली आणले होते. म्हणून वाळवण्यापूर्वी ताजा शासननिर्णय पाहून घ्यावा.

३. शिवण

हाताने शिवायचे असल्यास दाभण आणि सुतळी घ्यावी. दोन्ही कोपऱ्यांना मूठभर कापड मोकळे सोडून कान काढावेत; हमाल पोते कानांनीच उचलतो. बिनकानाचे पोते उचलताना तो जे बोलतो, ते येथे देता येत नाही.

यंत्राच्या शिवणीला दोन टोके असतात. योग्य टोकाची साखळी सोडवून ओढली की अख्खी शिवण एका झटक्यात उसवते; चुकीचे टोक ओढले की गाठ बसते आणि शेवटी विळा घ्यावा लागतो. तो घेतल्यावर पोते दुसऱ्यांदा वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

४. वाहतूक

पोत्यांची थप्पी एक थर उभा, एक आडवा अशी लावावी, म्हणजे सरकत नाही. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. हमालाच्या लोखंडी आकड्याने तागाला पडणारी भोके लहान असतात, पण दाणाही लहानच असतो. वाटेत सांडलेला माल परत येत नाही. बाजार समितीच्या आवारात सांडलेला माल मातेरे झाडणाऱ्या बाया गोळा करतात. पूर्ण साखळीत हाच एक टप्पा विनाविलंब पार पडतो. ताडपत्री नेहमी सोबत असावी. ती विसरली की अवकाळी पाऊस येतो, हा वऱ्हाडातला हवामानाचा सर्वांत भरवशाचा अंदाज होय.

५. प्रतीक्षा

हा मार्गदर्शनाचा मुख्य भाग. हमीभाव जाहीर होतो, ऑनलाइन नोंदणी होते, मोबाइलवर मेसेज येतो, ट्रॅक्टर केंद्राच्या फाटकाशी लागतो आणि कळते की बारदाना संपला. भाव आहे, माल आहे, काटा आहे, फक्त पोते नाही. ताग पिकतो आणि विणला जातो तो बहुतांशी पश्चिम बंगालमध्ये. तागाच्या पोत्यांच्या सक्तीचा कायदा 1987 पासून आहे. त्यामुळे अकोल्याच्या तुरीचा मुहूर्त पंचांगात न शोधता हुगळीकाठी शोधावा.

2017 मध्ये तूर अमाप पिकली. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता, बाजारात भाव त्याहून बराच खाली, म्हणून सगळे केंद्रांकडे वळले. पोती संपली, काटे थांबले, आणि 22 एप्रिलला मुदत संपली तेव्हाही केंद्रांबाहेर तुरीचे ढीग होते. 2024 च्या सोयाबीनलाही 4,892 रुपये हमीभावासोबत बारदान्याचा तुटवडा मिळाला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दोन्ही वर्षी पीक किती येणार, याचा अंदाज पेरणीच्या आकड्यांवरून बांधता येत होता. पण पेरणीचे आकडे कृषी विभागाकडे असतात आणि पोत्यांची मागणी दुसरेच कोणी नोंदवते.

प्रतीक्षेचे नियम पुढीलप्रमाणे. रांगेतली जागा सोडू नये. डबा घरून मागवावा. भाड्याचा ट्रॅक्टर उभा असला तरी भाडे चालू असते. रात्री मालावर झोपावे, मालाशेजारी नव्हे. “बारदाना केव्हा येईल?” असे विचारल्यास “उद्या” हे उत्तर मिळते, त्याचा अर्थ तारखेशी लावू नये. धीर सुटल्यास व्यापाऱ्याकडे जावे. त्याच्याकडे पोती नेहमीच असतात. केंद्रावरचा भाव आणि त्याचा भाव यांत जो फरक पडतो, तीच त्या पोत्याची खरी किंमत.

६. रिकाम्या पोत्याचा उपयोग

सुस्थितीतले पोते झटकून, उन्हात टाकून पुढच्या हंगामासाठी आढ्याला टांगावे; जमिनीवर ठेवल्यास उंदीर ते स्वतःच्या नावे करतात. एक-दोन भोके असलेल्यात कडबा-कुटार किंवा गोवऱ्या भराव्यात. तोंडाशी फाटलेल्या पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून ते पावसात डोक्यावर खोळ म्हणून घ्यावे. मे महिन्यात ओले करून खिडकीला लावावे. त्यानंतर उरते ते पायपुसणे. फाटलेले, भोके पडलेले वा ओले पोते खरेदी केंद्रावर चालत नाही. बारदाना संपलेला असला, तरीही नाही.